ताऱ्यांचा डेटा शीटमध्ये उतरवताना : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी दोन ओळींत लिहून गेले होते की ताऱ्यांची माहिती आता कुणालाही फुकट मिळते, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरवरून उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये टाकून बघा. ते वाचून सोलापुरातल्या बऱ्याच जणांनी खरंच उतरवून घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला. आणि मग पत्रं आली. सगळी वाचल्यावर लक्षात आलं की डाउनलोडपाशी कुणीच फारसं अडकत नाही, अडकतात ते शीट उघडल्यावर, आणि काहीजणांना तर आपण अडकलोय हेच कळलेलं नाही, कारण शीट काही बोलत नाही, आकडा बदलते आणि गप्प बसते. म्हणून या वेळची सगळी उत्तरं त्याच एका गोष्टीवर.

एक सांगून ठेवते, पडद्यावर बटणांची नावं इंग्रजीत दिसतील, मी इथं उच्चार लिहितेय. फॉर्म्युला टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे.

प्रश्न : ताई, आठवीच्या मुलांसाठी ३ प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा) तेजस्वी ताऱ्यांची यादी हवी होती. स्ट्रासबर्गच्या व्हिझिएआर साइटवरून हिप्पार्कस उपग्रहाचा ताऱ्यांचा कॅटलॉग काढला, कंडिशन टाकली, तर बरोबर ५० तारे आले. त्यात रोहिणी आहे पण स्वाती नाही, ज्येष्ठा नाही, अभिजितसुद्धा नाही. एवढे ठळक तारे नसतील असं कसं? आणि ते टेबल माऊसनं सिलेक्ट करून एक्सेलमध्ये चिकटवलं तर निम्मं एकाच कॉलममध्ये जाऊन बसलं.
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, तुमची कंडिशन बरोबर आहे, तारेही कुठं गेलेले नाहीत. "बरोबर ५०" हा शब्द तुम्हीच लिहिलात बघा, त्यातच उत्तर आहे. व्हिझिएआर आपण काही सांगितलं नाही तर पहिल्या ५० ओळीच दाखवतं. हिप्पार्कसचे नंबर साधारण विषुवांशाच्या क्रमानं लागलेत, म्हणजे आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडं जावं तसे, त्यामुळं रोहिणी यादीत आली आणि स्वाती, ज्येष्ठा, अभिजित हे पुढचे सगळे कापले गेले. पानाच्या डाव्या बाजूला प्रेफरन्सेस म्हणून एक चौकट असते, तिथं मॅक्सपुढं ५० लिहिलेलं दिसेल, ते बदलून अनलिमिटेड करा. मग दीडशेच्या वर तारे येतील. कधीही बरोबर ५०, बरोबर १०० असा गोल आकडा आला की आधी हीच चौकट बघायची, ही सवय लागली की अर्धी डोकेदुखी जाते.

आता कॉपी-पेस्ट. ते करूच नका. त्याच चौकटीत खाली आउटपुटचा प्रकार निवडायची यादी असते, तिथं एचटीएमएल टेबल असतं ते बदलून टॅब सेपरेटेड व्हॅल्यूज घ्या आणि मग सबमिट. त्यानं फाइल उतरते. ती आधी वहीत म्हणजे नोटपॅडमध्ये उघडून एकदा नुसती बघा. वरती हॅशच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळी दिसतील, त्या कॅटलॉगची माहिती देणाऱ्या, मग एक ओळ कॉलमच्या नावांची, मग एक ओळ एककांची, मग नुसत्या आडव्या रेघांची, आणि त्यानंतर तारे. शीटला हे काही कळत नाही, ती एककांची ओळ आणि रेघांची ओळ सुद्धा तारेच समजते, आणि सॉर्ट केलं की त्या ओळी कुठंतरी मध्येच जाऊन घुसतात. म्हणून हॅशवाल्या ओळी आणि त्या दोन ओळी काढून टाका, पण एककं कुठंतरी लिहून ठेवा, कारण पॅरॅलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकलेला दिसतो तो कोन, ज्यावरून अंतर काढतात) आर्कसेकंदात म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागात नसतो, मिलिआर्कसेकंदात असतो, आणि हे विसरलं की अंतरं हजारपट चुकतात. आणि मूळ फाइलला हात लावू नका, तिची एक प्रत करून तिच्यावर काम करा. मूळ फाइलच्या नावात तारीख आणि कॅटलॉगचा नंबर घाला.

कॅटलॉगचा नंबर म्हणजे शोधायच्या चौकटीत टाकायचा तो आय, तिरपी रेघ, २३९. तो आय म्हणजे इंग्रजी कॅपिटल आय आहे, एक नाही. हिप्पार्कस हा युरोपियन स्पेस एजन्सीचा उपग्रह, १९८९ ला सोडला, कॅटलॉग १९९७ ला आला, त्यात १,१८,२१८ ओळी आहेत. शाळेसाठी याच्याइतका चांगला कॅटलॉग मला दुसरा माहीत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे ठळक तारे सगळे यात सापडतात आणि फाइलही जड होत नाही.

मुलांकडून एक नक्की करून घ्या. फाइल शीटमध्ये आली की लगेच तीन ओळखीचे तारे शोधायचे. व्याधाचा हिप्पार्कस नंबर ३२३४९, प्रत उणे १.४४. स्वाती ६९६७३, प्रत उणे ०.०५. अभिजित ९१२६२, प्रत ०.०३. हे तिघं जागेवर असले तर पुढं जायचं, नसले तर थांबायचं. व्याधाची प्रत उणे का, हे मुलं विचारतीलच, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि व्याध इतका तेजस्वी की आकडा शून्याच्याही खाली गेला.

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हिप्पार्कस उतरवायला गेलो, कंडिशन न टाकता सगळंच घेतलं, तर एक्सेल म्हणतं फाइल पूर्ण लोड झाली नाही. एक लाख ओळींना एक्सेल पुरत नाही का? दुसरं म्हणजे मित्रानं गायाचा डेटा दिला, त्यातले ताऱ्यांचे नंबर आणि मी उतरवलेल्या गायाच्या शीटमधले नंबर एकमेकांशी जुळेनात, याद्या जुळवायचं व्हीलुकअप फंक्शन सगळीकडं एरर देतंय.
– एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : एक लाख ओळी एक्सेलला काहीच नाहीत रे. तू चुकून दुसरं टेबल उचललंस. आय २३९ या एकाच नंबराखाली दोन टेबलं आहेत, एक हिप्पार्कसचं आणि दुसरं टायको, त्याच उपग्रहाच्या दुसऱ्या उपकरणावरून केलेलं. टायकोत १०,५८,३३२ तारे आहेत. एक्सेलच्या एका शीटमध्ये ओळी मावतात १०,४८,५७६. म्हणजे साडेनऊ हजारांहून जास्त तारे दाराबाहेर राहिले, आणि ते कुठले तर यादीतले शेवटचे. नशीब तुझं की तू तो मेसेज वाचलास, बरेचजण ओके दाबून पुढं जातात आणि मग त्या अर्धवट फाइलवर सरासरी काढत बसतात. टेबल निवडताना नावात हिप मेन आहे की टायको मेन ते बघ. आणि खरंच लाखोंनी तारे हवे असतील तर ते काम शीटचं नाही, त्यासाठी टॉपकॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खगोलवाल्यांनीच केलेलं, ते कोट्यवधी ओळी सांभाळतं, त्यात आधी चाळून घ्यायचं आणि राहतील तेवढेच शीटमध्ये आणायचे.

आता गायाचे नंबर. हा प्रश्न तू विचारलास हे फार बरं केलंस. गाया उपग्रह डिसेंबर २०१३ मध्ये सोडला आणि त्याचा तिसरा डेटा रिलीज जून २०२२ मध्ये आला, त्यात १८० कोटींच्या आसपास नोंदी आहेत आणि प्रत्येकीला लांबलचक नंबर. आपल्याला सूर्यानंतर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, त्याचा नंबर ५८५३४९८७१३१९०५२५६९६. मोज, १९ आकडे आहेत. एक्सेल कुठल्याही संख्येतले पहिले १५ आकडेच धरून ठेवतं, पुढच्या जागी शून्य घालतं. म्हणजे तू फाइलवर डबल क्लिक केलंस की प्रॉक्सिमा झाला ५८५३४९८७१३१९०५२००००, आणि दिसताना तर ५.८५ गुणिले दहाचा अठरावा घात असलं काहीतरी दिसतं. हा नंबर प्रॉक्सिमाचा राहिलाच नाही. त्यात वाईट हे की तू मग कॉलम रुंद केलास, फॉरमॅट बदलून टेक्स्ट केलंस, तरी गेलेले आकडे परत येत नाहीत, आणि सेव्ह केलंस तर फाइलमधूनही कायमचे गेले. मित्राच्या फाइलमध्ये ते शाबूत होते म्हणून जुळेना.

उपाय सोपा आहे पण आधी करायचा असतो. फाइलवर डबल क्लिक करायचंच नाही. रिकामं एक्सेल उघड, डेटा टॅबमध्ये जा, फ्रॉम टेक्स्ट निवड, आणि येईल त्या खिडकीत ट्रान्सफॉर्म डेटावर जाऊन त्या नंबराच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट कर, बाकीचे कॉलम तसेच राहू देत. लिब्रेऑफिस असेल तर अजून सोपं, सीएसव्ही उघडतानाच ते एक खिडकी दाखवतं, कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून टेक्स्ट निवडायचं. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचं संख्या आणि तारखांमध्ये रूपांतर करा अशी एक टिक असते ती काढायची, पण मग सगळेच कॉलम मजकूर होतात आणि जिथं गणित करायचं तिथं व्हॅल्यू फंक्शन वापरावं लागतं.

हे फक्त आपल्याच क्षेत्रात होतं असं नाही. जनुकांवर काम करणाऱ्यांची काही जनुकांची नावं एक्सेल तारीख समजून बदलायचं, मार्चच्या स्पेलिंगसारखं नाव असलं की झाली १ मार्च, आणि शेवटी २०२० मध्ये त्यांनी जनुकांचीच नावं बदलली. ताऱ्यांचे नंबर काही कुणी बदलणार नाही, तेव्हा काळजी आपणच घ्यायची.

प्रश्न : गाया एवढा नवा आणि अचूक आहे तर त्यात व्याध का सापडत नाही?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : व्याध फार तेजस्वी आहे म्हणून. गायाचे डिटेक्टर मंद ताऱ्यांसाठी बनवलेले, साधारण तिसऱ्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारे त्यात बरेचसे नाहीत किंवा नीट नाहीत. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ठळक ताऱ्यांसाठी हिप्पार्कस, मंद ताऱ्यांसाठी गाया, असं ठरवून टाका. आणि एखाद्या एकाच ताऱ्याची सगळी कुंडली हवी असेल तर सिम्बॅड, तेही स्ट्रासबर्गचंच. व्हिझिएआर म्हणजे अख्ख्या शहराची मतदार यादी आणि सिम्बॅड म्हणजे एका माणसाची चौकशी. फक्त त्याला व्याध, रोहिणी ही नावं कळत नाहीत, हिप्पार्कस नंबर टाकला की बरोबर सापडतं.

प्रश्न : ताई, आमचा पिढीजात चादरींचा धंदा, मी जेकार्डची डिझाइनं करतो. मृग नक्षत्र आणि सप्तर्षी चादरीवर आणायचे डोक्यात आहे, अगदी खऱ्या जागेवर, अंदाजपंचे नाही. तुमचं वाचून ताऱ्यांचे अंश उतरवले, एक्सेलमध्ये स्कॅटर चार्ट काढला आणि ग्राफवर घेतला. पण मृग उलटा आला, आरशात बघितल्यासारखा. मृगातल्या बाणाचे तीन तारे तर सरळ रेषेतच येईनात, एक भलतीकडंच. सप्तर्षी आडवे ताणल्यासारखे दिसतायत. लूमवर चढवायच्या आधी विचारतो.
– एक डिझाइनर, अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, लूमवर चढवायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. तुमचे तीन प्रश्न तीन वेगळ्या कारणांनी आलेत, एकेक बघू.

उलटा मृग. विषुवांश पूर्वेकडं वाढतो. आपण नकाशा बघतो तेव्हा पूर्व उजवीकडं असते कारण आपण जमिनीकडं खाली बघतो, पण आकाशाकडं वर बघताना, दक्षिणेकडं तोंड करून उभे राहा की, पूर्व डाव्या हाताला येते. शीटला हे माहीत नाही, ती मोठा आकडा उजवीकडंच काढणार. चार्टमधल्या आडव्या अक्षावर क्लिक करा, तिथं व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर असं असतं त्यावर टिक करा, मृग सरळ होईल. तपासायला सोपी खूण, लालसर काक्षी वरती डावीकडं आणि निळसर पांढरा राजन्य खाली उजवीकडं यायला पाहिजे.

आता बाण. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मला माझाच एक जुना तक्ता आठवला. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मी मृगाचा मोठा तक्ता केला होता, रात्र रात्र जागून, आणि लावल्यावर आठवड्यानं एका मुलीनं विचारलं की बाणातला एक तारा वरती का गेलाय. ती बरोबर होती. आधी बघू काय होतं. तुम्ही बहुतेक अंश, कला, विकला असे तीन कॉलम घेतले असणार. बाणाचे तीन तारे अगदी खगोलीय विषुववृत्ताला चिकटून आहेत. मधल्याची क्रांती, म्हणजे त्या विषुववृत्तापासून तारा किती वर किंवा खाली आहे तो आकडा, उणे १ अंश १२ कला, डावीकडच्याची उणे १ अंश ५६ कला, आणि उजवीकडच्या मिंटाकाची उणे ० अंश १७ कला ५७ विकला. इथंच घात होतो. कागदावर उणे शून्य असं लिहिलेलं असतं, पण शीटला उणे शून्य ही संख्याच माहीत नाही, ती नुसतं शून्य धरते, चिन्ह गेलं आणि मिंटाका विषुववृत्ताच्या वर गेला. फरक दिसायला थोडा, अर्ध्या अंशाहून जरासा जास्त, पण बाणातल्या शेजारच्या दोन ताऱ्यांत क्रांतीचा फरक जेमतेम अंशभराचाच, त्यामुळं बाण मोडतो. त्या मुलीच्या डोळ्याला दिसलं, मला आकड्यात दिसलं नव्हतं.

दुसरी चूक याच्याच शेजारी असते, तीही बघून घ्या. व्याधाची क्रांती उणे १६ अंश ४२ कला ५८ विकला. लोक काय करतात, उणे १६ मध्ये बेचाळीस भागिले साठ आणि अठ्ठावन्न भागिले छत्तीसशे मिळवतात, उत्तर येतं उणे १५.२८. खरं उत्तर उणे १६.७२. आधी तिन्ही जोडायचे आणि मग सगळ्याला मिळून उणे चिन्ह द्यायचं. आणि काही याद्यांत कोलन घालून लिहिलेलं असतं, ५ कोलन ३२ कोलन शून्य असं, ते शीट घड्याळातली वेळ समजते, पहाटेचे साडेपाच.

हे सगळं टाळायचा एकच रस्ता, मुळात तीन कॉलम घ्यायचेच नाहीत. व्हिझिएआरच्या डाव्या चौकटीत स्थान कसं दाखवायचं ते विचारतं, तिथं डेसिमल घ्या, म्हणजे मिंटाका ८३.००१७ आणि उणे ०.२९९ असा सरळ येतो आणि चिन्ह कुठं जात नाही. तास-मिनिटांतला विषुवांश हाताशी असेलच तर लक्षात ठेवा की एक तास म्हणजे १५ अंश, सुरुवातीला बरेचजण तासाचा आकडा तसाच अंश म्हणून घेतात आणि अख्खं आकाश एका पट्टीत कोंबलं जातं.

राहिले सप्तर्षी. तुमच्या ग्राफवरचे चौकोन सगळीकडं सारख्या रुंदीचे आहेत, पण आकाशात वर ध्रुवाकडं जावं तसे विषुवांशाचे अंश अरुंद होत जातात, संत्र्याच्या फोडी देठापाशी निमुळत्या होतात तसं. सप्तर्षी साधारण ५६ अंशांच्या आसपास, तिथं विषुवांशाचा एक अंश म्हणजे आकाशात जेमतेम ०.५६ अंश. तुम्ही पूर्ण एक अंश धरलात म्हणून ते पावणेदोन पटीहून जास्त ताणले गेले. मृगाला हे जाणवलं नाही कारण तो विषुववृत्तावर आहे. करायचं असं, मधला एक तारा केंद्र धरा, प्रत्येक ताऱ्याच्या विषुवांशातून त्याचा विषुवांश वजा करा आणि त्याला केंद्राच्या क्रांतीच्या कोसाइननं गुणा. इथं पुन्हा एक खड्डा आहे, शीटमधलं कोसाइन फंक्शन अंश घेत नाही, रेडियन घेतं. सरळ ५६ घातलं तर उत्तर ०.८५ येतं, एरर येत नाही, आकडा बघून संशयही येत नाही. रेडियन्स फंक्शन आत घालून मग कोसाइन काढा, ०.५६ आलं पाहिजे.

ताऱ्यांचे रंगही खरे घ्यायचे असतील तर बी वजा व्ही असा एक कॉलम असतो. तो शून्याच्या आसपास किंवा उणे असला की निळसर पांढरा, दीडच्या आसपास किंवा वर गेला की नारिंगी लालसर. राजन्य उणे ०.०३, काक्षी १.५०. सूत निवडायला एवढं पुरेल. चादर झाली की एक फोटो जरूर पाठवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त. लग्नात नव्या जोडप्याला अरुंधती दाखवतात, आमच्या वेळीही दाखवली. वसिष्ठ आणि अरुंधती खरंच शेजारी आहेत का नुसते दिसायला, हे माझं मीच काढायचं ठरवलं. पॅरॅलॅक्सवरून अंतर काढलं. वसिष्ठ ८५.८ प्रकाशवर्षं, अरुंधती ८१.७. म्हणजे दोघांत चार प्रकाशवर्षं अंतर. मग हे शेजारी कसले?
– एक ज्येष्ठ वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : काका, तुमचं गणित अगदी बरोबर आहे. १००० ला पॅरॅलॅक्सनं भागलं की पार्सेक, त्याला ३.२६१६ नं गुणलं की प्रकाशवर्षं. तुम्ही २००७ मधली सुधारलेली हिप्पार्कस यादी घेतली आहे हेही आकड्यांवरून कळतं, ती आय ३११ या नंबराखाली मिळते. पण एक कॉलम तुम्ही उतरवलाच नाही, पॅरॅलॅक्समधली त्रुटी. नाव तेच, फक्त त्याच्या आधी ई आणि एक खालची रेघ. तो घेतलात की वसिष्ठाचा पॅरॅलॅक्स ३८.०१, त्यात १.७१ इकडं-तिकडं. अरुंधतीचा ३९.९१, इकडं-तिकडं फक्त ०.१३. वसिष्ठ हा स्वतःच जोडतारा आहे, दुर्बिणीतून दोन दिसतात, त्यामुळं त्याचं मोजमाप तेवढं नेमकं झालं नाही. ती त्रुटी प्रकाशवर्षांत काढलीत तर चारच्या जवळ जाते. म्हणजे तुमचा चार प्रकाशवर्षांचा फरक त्रुटीएवढाच निघाला, त्यावरून दोघं लांब आहेत असं म्हणताच येणार नाही. ते जवळजवळ असल्याचं आता इतर निरीक्षणांवरूनही मानतात. त्रुटीचा कॉलम नाही उतरवला तर शीटमधला प्रत्येक आकडा सारखाच पक्का दिसतो, म्हणून तो कधीच सोडायचा नाही. मंद ताऱ्यांत तर काही पॅरॅलॅक्स उणे निघालेले सापडतील, तिथं त्रुटी मूळ आकड्याहून मोठी असते, अशांचं अंतर काढायला जाऊ नका.

आता एवढी फाइल तुमच्याकडं आहेच तर सातही ऋषी घ्या, मग बघा काय दिसतं ते. पुलह ७९.७ प्रकाशवर्षं, अत्री ८०.५, अंगिरस ८२.५, पुलस्त्य ८३.२ आणि वसिष्ठ ८५.८, पाचजण जवळजवळ एकाच अंतरावर. उरलेले दोन टोकाचे, मरीची १०३.९ आणि क्रतु १२२.९. आता शेजारचा कॉलम घ्या, विषुवांशातली निजगती, म्हणजे तारा दरवर्षी पूर्वेला किंवा पश्चिमेला किती सरकतो तो आकडा. पाचही जणांचा अधिक, ८१ ते ११९ च्या दरम्यान. क्रतूचा उणे १३४, मरीचीचा उणे १२१. पाचजण पूर्वेकडं निघालेत आणि दोघं पश्चिमेकडं. पाचजण एका दिंडीतले आहेत हो, एकाच ढगातून एकत्र जन्मलेले आणि अजून एकत्र चाललेले, अरुंधतीसुद्धा त्याच दिंडीत आहे, आणि क्रतु-मरीची हे नुसते वाटेत त्या बाजूला दिसणारे परके प्रवासी. सात ओळी आणि दोन कॉलम, घरच्या कॉम्प्युटरवर. मी हे पहिल्यांदा शीटमध्ये बघितलं तेव्हा उठून गच्चीवर गेले होते, सप्तर्षी वर होते, आणि ते सात मला परत पहिल्यासारखे सारखे दिसेचनात.

प्रश्न : उतरवलेल्या यादीतले कुठले तारे सोलापुरातून दिसतात हे शीटमध्येच काढता येईल का?
– एक गृहिणी, बाळे

उत्तर : येईल की. सोलापूरचा अक्षांश १७.७ धरा. क्रांतीतून १७.७ वजा करा, उत्तराचं चिन्ह टाकून द्या, आणि ते ९० मधून वजा करा, झाली त्या ताऱ्याची जास्तीत जास्त उंची. उणे ७२.३ च्या खालचे तारे आपल्याला कधीच उगवत नाहीत, ते गाळून टाका. माझ्या मते उणे ६० च्या खालचेही शहरातून धरू नका, मित्र तारा वर आला तरी साडेअकरा अंशच चढतो, धुरळ्यात आणि दिव्यांत बुडतो, त्यासाठी नान्नजच्या बाजूला जावं लागेल.

अगस्त्य मात्र घरून दिसतो. क्रांती उणे ५२.७, म्हणजे उंची १९.६ अंश. वेळ काढताना एक लक्षात ठेवा, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि सोलापूर ७५.९ वर, त्यामुळं इथं सगळं सव्वीसेक मिनिटं उशिरा होतं. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री सव्वानऊच्या सुमारास गच्चीवर जा, दक्षिणेकडं तोंड करा, हात लांब करून एक मूठ धरा ती साधारण दहा अंशांची, क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, तिथं एकटाच ठळक तारा दिसेल, तो अगस्त्य. तुमच्या शीटमधली उंची आणि तुमच्या मुठी जुळल्या का ते मला लिहून कळवा.